ती बोक्याशी बोलत नव्हती

माझी बायको मांजराशी बोलायची, असं छापून येणार होतं. मी ते होऊ दिलं नाही. कसं, ते सांगतो.

नाशिकला इंदिरानगरात आमचं छोटं रो-हाऊस आहे. वरची खोली भाड्यानं दिलेली. तिथं एक मुलगी राहते, भाषेचा अभ्यास करते, पीएचडी की काय ते. पहिल्यांदा बोलायला खाली आली तेव्हा मला वाटलं, व्याकरणाचं असेल. नाम-सर्वनामानं सातवीत माझे लय हाल केले होते, म्हणून मी आधीच हात वर केले. ती म्हणाली, "नाही हो आजोबा. माणसं घरात कशी बोलतात ते मला टिपायचंय. कोण सुरुवात करतं, कोण मधेच तोडतं, कोण किती वेळ गप्प बसतं."

"आणि हे शिकलं की नोकरी लागते?"

"लागली तर लागते."

"मग आमच्या शेजारच्या बाईला केव्हाच लागायला पाहिजे होती. सगळ्या कॉलनीचं बोलणं तिला पाठ आहे."

आतून आमच्या मंडळींच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्या पोरीचं काम झालं. आमच्या घरात परवानगी तीच द्यायची. मी नुसता दारात असायचो.

मागच्या उन्हाळ्यात चार-पाच दुपारी ती मुलगी यायची, मोबाइल चालू करून चहाच्या डब्यावर ठेवायची आणि वर निघून जायची. "तुम्ही नेहमीसारखं बोला," एवढंच सांगायची. पहिल्या दिवशी बायकोनं चांगली साडी काढली. मी म्हटलं, "मोबाइलला काय दिसणार हाय साडी?" तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीत एक भटका बोका येऊन बसायचा, त्याला म्हणाली, "ऐकलं का बोकोबा, काही लोकांना वाटतं नेसायचं ते फक्त दाखवायला."

ही तिची रीत होती. मला काही सांगायचं झालं की ती दुसऱ्याच कुणाला तरी सांगायची. बोका नसला तर कुकरला, कुकर नसला तर भिंतीला. आणि मी ऐकायचो.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि एका सकाळी ती उठली नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पुण्याहून मुलगा आला, पंधरा दिवस राहिला, 'बाबा, चला तिकडं' म्हणाला, मी नाही म्हटलं, तो गेला. घरात मी आणि बोका राहिलो. बोका रोज यायचा आणि खिडकीत बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याला सवय होती कुणीतरी बोलण्याची. मला ती नव्हती.

संक्रांत झाल्यावर मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आली. म्हणाली, "आजोबा, आजींचं रेकॉर्डिंग मी सगळं लिहून काढलंय. काही ठिकाणी त्या अहिराणी बोलल्यात, ते मला कळलं नाही. तुम्ही बघाल का? आवाज ऐकवू?"

"आवाज नको," मी म्हटलं. "कागद दे."

मी चष्मा लावला. माझं वाचन बोट ठेवून चालतं, पण चालतं. कागदावर रकाने पाडलेले. कोण बोललं. कोणाशी. काय बोललं. पुढे काय झालं. मी वाचत गेलो. 'आजोबा, आजीशी: चहा टाक.' बरोबर. 'आजोबा, आजीशी: पेपर कुठंय.' बरोबर. 'आजी, मांजराशी: काही लोकांना वाटतं नेसायचं ते फक्त दाखवायला.' मी थांबलो. पान उलटलं. 'आजी, मांजराशी.' 'आजी, स्वतःशी.' 'आजी, मांजराशी.' पुढच्या पानावर तेच. तिचं अर्धंअधिक बोलणं बोक्याच्या नावावर चढवलेलं.

"हे काय लिहिलंय?"

"आजी त्याच्याशीच बोलायच्या ना. त्याच्यावर एक अख्खं प्रकरण करतेय मी," ती कौतुकानं म्हणाली. "म्हातारपणी घरात बोलायला कुणी नसलं की बायका प्राण्यांशी, वस्तूंशी बोलायला लागतात. फार छान उदाहरणं मिळालीत आजींची."

"बोलायला कुणी नसलं की? मी कुठं गेलो होतो?"

"तुम्ही होतात. पण..."

"पण काय?"

पोरगी सरळ आहे. तिनं सरळ सांगितलं. "आजोबा, तुम्ही एकदाही उत्तर दिलेलं नाही. मी सगळं तपासलं. त्या बोलल्या की तुमच्याकडून नुसती शांतता आहे. आमच्यात नियम असा की, बोलणं कुणाशी होतं ते समोरच्यानं उत्तर दिलं की ठरतं. उत्तरच नसेल तर तुमच्याशी होतं असं मी कशावरून लिहू? माझ्या गाईड मॅडम पुरावा मागतात."

"हा नियम करणाऱ्यांची लग्नं झाली होती का?"

ती हसली. मी हसलो नाही. मी तिला बसायला सांगितलं.

पन्नास वर्षांपूर्वी मी लग्न करून तिला चांदवडच्या बाजूला आमच्या गावी आणलं. ती सटाण्याकडची, बागलाणातली. तिकडे अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. आमच्या घरात तिनं पहिल्याच दिवशी 'पाणी गरम शे' म्हटलं आणि माझ्या बहिणी हसून लोळल्या. तेव्हापासून ती चारचौघांत जपून बोलायला लागली. आणि आमच्या घरात दुसरी एक गोष्ट होती. सासू-सासऱ्यांसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही. नाव तर नाहीच, 'अहो'सुद्धा नाही. आणि नवऱ्यानंही बापासमोर बायकोला उत्तर द्यायचं नाही. दिलं की ओट्यावर बसलेला कुणीतरी चुलता म्हणणार, "झाला का रे बैल?"

मग नवरा-बायकोनं बोलायचं कसं? अंगणात वासरू बांधलेलं असायचं. ती त्याला पाणी पाजताना म्हणायची, "काय रे वासरा, घरातला साबण संपला, तुला काय त्याचं." वडील खाटेवर, आई चुलीपाशी, मी बैलांना वैरण टाकतोय. कुणाच्या कानाला काही खटकायचं नाही. सून वासराशी बोलतेय, बोलू दे. संध्याकाळी मी चांदवडहून यायचो आणि न्हाणीतल्या दगडावर साबणाची वडी ठेवलेली असायची. झालं उत्तर. ती तोंडानं सांगायची, वासराला. मी हातानं सांगायचो, तिला. दोन वर्षं आम्ही असा संसार केला आणि त्यात भांडणंसुद्धा केली. भांडण झालं की वासराला लय बोलणी बसायची.

मग मला मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात काम लागलं. क्वार्टर मिळालं. तिथं ना सासू, ना सासरा. मी म्हटलं, आता बोल की सरळ. ती म्हणाली, "बोलते की." आणि स्टोव्हकडे वळून म्हणाली, "घासलेट आणलं तर बरं होईल बाई." जिभेला वळण लागलं ते लागलं. मुलगा झाल्यावर मुलाला सांगायची. मुलगा मोठा होऊन निघून गेला, मग भांड्यांना. इंदिरानगरात आलो तर हा बोका.

मी पोरीला हे सगळं सांगितलं. तिनं वहीत पटापट उतरवलं. तिचे डोळे चमकायला लागले होते, पण खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, हे फार मोलाचं आहे. पण हे तुम्ही आत्ता सांगताय. रेकॉर्डिंगमध्ये उत्तर ऐकू आलं पाहिजे. नाहीतर मॅडम म्हणतील, आजोबांना आता वाईट वाटतंय म्हणून ते असं म्हणतायत."

"वाईट वाटतंय म्हणून मी खोटं बोलतोय?"

"मी नाही म्हणत. मॅडम म्हणतील."

ती गेली. मी संध्याकाळभर बसून राहिलो. राग मॅडमचा नव्हता, मॅडमला मी बघितलेलंही नाही. राग त्या शब्दाचा होता: 'मांजराशी'. आज पोरगी लिहिणार, उद्या ते ग्रंथालयात जाणार, आणि माझी बायको कायमची अशी बाई होणार की जिला बोलायला घरात मांजराखेरीज कुणी नव्हतं. तिचं नाव त्यात नसेल, माझं नसेल. तरी ते आमचंच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे धरत जिना चढून मी वर गेलो. म्हटलं, "लाव आवाज."

आता एक सांगतो. कारखान्यात आमच्याकडे पुलाचे लोखंडी गर्डर व्हायचे. रिव्हेट, म्हणजे जोडाचा जाड खिळा, ठोकून झाला की तो नीट बसला का ते डोळ्यांना दिसत नाही. छोट्या हातोडीनं टिचकी मारायची आणि ऐकायचं. घट्ट असला की एक आवाज, ढिला असला की दुसरा. शेवटची बारा वर्षं मी तेच केलं. दणदणाटात उभं राहून टिचक्या ऐकल्या. त्या दणदणाटानं माझी भाषा तोकडी झाली हे खरं. 'धर', 'सोड', 'सरक', याच्यापुढे तिथं कुणी बोलत नाही, आणि मी घरीही तसाच बोलायचो. पण कान मात्र तयार झाला.

पोरीनं मोबाइल चालू केला. पहिला आवाज आला तो बायकोच्या बांगड्यांचा. मी म्हटलं, "थांब." पाणी मागितलं, प्यालो. मग म्हटलं, "लाव."

बायको म्हणाली, "बोकोबा, काही लोकांच्या गोळ्या जेवणाआधीच्या असतात बरं." मग शांतता. त्या शांततेत एक बारीक 'टक' झालं.

"हे काय वाजलं?" मी विचारलं.

"भांडं असेल काहीतरी."

"भांडं नाय. गोळ्यांचा डबा. त्याच्या झाकणाची एक बाजू तुटलीये, उघडताना असंच वाजतं. खाली चल, दाखवतो. आणि पुढं ऐक. हे पाणी ओतलं. हा पेला ठेवला. हे कोण करतंय? बोका गोळ्या घेतो का?"

पोरीनं ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिनं तोंडावर हात ठेवला.

"पुढे," मी म्हटलं.

"पापड गच्चीत आणि आभाळ भरून आलंय, कुकरा, तू शिट्ट्या मार," बायको म्हणाली. लगेच खुर्ची सरकली आणि चपला वाजत गेल्या. "ह्या जिन्याला वाजतायत," मी म्हटलं. "तुझ्याच दारावरनं गेलो असेन. आठवतंय का, पापड घातलेलं पातळ घेऊन?"

"आठवतंय! तुम्ही मला म्हणालात, 'नुसती बघतीस काय, धर एक टोक.'"

"मग? बोक्यानं पाठवलं होतं का मला?"

दुपारपर्यंत आम्ही बसलो. बायको बोलली की मागे काही ना काही होतंच. चष्म्याच्या डबीचा खटका. खिडकीची कडी. एकदा ती म्हणाली, "आमटीला आज मीठ पडलं का नाही कुणाला ठाऊक, बोक्या," आणि ताटावर वाटी सरकल्याचा आवाज. म्हणजे मी वाटी पुढं केली, चांगली झालीये, आणखी वाढ. पोरगी लाल पेन घेऊन बसली होती. प्रत्येक ठिकाणी 'मांजराशी' खोडायची आणि वर लिहायची 'नवऱ्याशी', आणि पुढच्या रकान्यात उत्तर: डबा उघडला, खिडकी लावली, वाटी सरकवली.

"आजोबा, आम्ही फक्त शब्द लिहीत बसतो," ती म्हणाली. "हे सगळे आवाज मी कचरा म्हणून सोडून दिले होते."

"कचऱ्यातच असतं," मी म्हटलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. सातवी शिकलेल्या माणसानं पीएचडीवाल्या पोरीला पेन धरायला लावलं होतं. आणि ती, आमची, एकेक ओळीनं माझ्याकडे परत येत होती.

शेवटच्या दुपारचं रेकॉर्डिंग राहिलं होतं. पोरीच्या कागदावर तिथं रकान्यात नुसती टिंबं होती आणि कंसात 'अस्पष्ट, बहुधा अहिराणी'. कोणाशी? 'मांजराशी.'

"हेच मला कळत नव्हतं," ती म्हणाली आणि लावलं.

तांदूळ निवडण्याचा आवाज. सूप हलतंय. मग बायको हळूच म्हणाली, "आखाजी ऊनी रे बोक्या. झोका बांधतीन आते. माले कोनी लई जाई का?"

मग शांतता. पंखा. बाहेर कबुतर. पुन्हा पंखा.

मग माझा आवाज, चांगला मोठा: "मोटार लाव. टाकी खाली झाली असेल."

आणि तिचं, साध्या मराठीत: "लावते."

पोरीनं बंद केलं. "काय म्हणाल्या आजी?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बागलाणात, खानदेशात त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, म्हाताऱ्या खाली बसून म्हणतात. 'आखाजी आली. आता झोका बांधतील. मला कुणी नेईल का?' एवढंच होतं ते. एवढ्यासाठी तिनं माहेरची भाषा काढली होती. आठ-दहा वर्षं ती आखाजीला गेली नव्हती. भावजयीचा फोन आला होता, हेही मला माहीत होतं. नाशिकहून सटाणा बसनं अडीच तास. मी तेव्हा ऊन फार आहे असं मनाशी म्हटलं. ऊन होतंच. पण खरं ते हे की तिच्या भावाच्या ओट्यावर दोन दिवस नुसतं बसून राहायचा मला कंटाळा होता. पुढच्या वर्षी बघू, असं वाटलं. पुढचं वर्ष तिला नव्हतं.

मी पोरीला अर्थ सांगितला. बाकीचंही सांगितलं. ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.

"विषय बदलणं हेसुद्धा आमच्यात उत्तर धरतात आजोबा," ती म्हणाली. "'मोटार लाव' हे उत्तर म्हणून लिहू शकते मी."

"ते उत्तर नाय. ते मोटारीचं आहे."

"मग तुम्ही मान तरी हलवली असेल. बघू, असं खुणेनं म्हणाला असाल. ते आवाजात येत नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

तिनं ते माझ्यासाठी केलं, हे मला कळलं. नुसतं हो म्हणायचं होतं. उत्तर: मान हलवली. सगळे रकाने भरले असते, मॅडम खूश, मीही बरा दिसलो असतो. मी खोटं बोललो असं सांगणारं माणूस जगात एकच होतं आणि ते आता नव्हतं.

"नाय हलवली," मी म्हटलं. "मी पेपर वाचत होतो. मान वरच केली नाही."

"मग हे एक वाक्य..." ती अडखळली. "नियमानं ह्याला उत्तर नाही. हे एक मांजराशीच ठेवावं लागेल."

"का? बाकी सगळी माझ्याशी आणि नेमकं हेच बोक्याशी? बोक्याला सटाण्याची बस माहिती हाय का?"

"पण मॅडम म्हणतील, आजोबांनी ऐकलंच नसेल."

"ऐकलं. मला अहिराणी समजते. पन्नास वर्षं ऐकली. ऐकलं म्हणूनच मोटार आठवली. नाहीतर टाकी भरलेली होती, सकाळीच भरली होती मी." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही ते तेव्हाच, त्या पोरीच्या खोलीत, तिच्या खुर्चीवर बसून कळलं. "लिही. कोणाशी: नवऱ्याशी. पुढे काय झालं: नवऱ्यानं ऐकलं. उत्तर दिलं नाही."

"पुरावा?"

"मी. तुझ्या मॅडमला म्हणावं, इंदिरानगरात या आणि विचारा. मी घरीच असतो."

मग तिनं 'मांजराशी' खोडलं. सावकाश खोडलं, दोन रेघा मारून. वर लिहिलं. मी बोट ठेवून वाचलं, बरोबर होतं.

"आजोबा, लोक वाचतील. तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू दे."

"आणि इथं टिंबं आहेत ती भरायची राहिली. मला नीट लिहिता येत नाहीये. तुम्ही सांगाल का, त्यांनी म्हटलं तसंच?"

मी आयुष्यात अहिराणी बोललेलो नाही. ऐकून हसलो, चिडवलं, समजून घेतली, पण तोंडातून काढली नाही. मी घसा खाकरला. पहिल्यांदा म्हटलं तर आवाज कारखान्यातला निघाला, खिडकीची काच हलेल असा. पोरगी म्हणाली, "हळू. एकेक शब्द." दुसऱ्यांदा 'माले'पाशी अडकलो. ती पेन टेकवून थांबली, तिनं घाई केली नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, "आखाजी ऊनी रे बोक्या. झोका बांधतीन आते. माले कोनी लई जाई का?" आणि तिनं ते टिंबांच्या जागी उतरवून घेतलं.